गुंडाळलेलं पुण्य

लिव्हरपूलजवळच्या फझाकर्लीच्या कारखान्यात १९५०च्या दशकात आयर्लंडच्या सैन्यासाठी ली-एनफील्ड रायफली बनल्या. ग्रीस फासून, कागदात ममीसारख्या गुंडाळून रवाना झाल्या. त्यांतल्या कित्येक पुढे तशाच अमेरिकेतल्या शौकिनांच्या घरी पोचल्या. कागद फाडला की किंमत उतरते. म्हणून मालकानंही आत डोकवायचं नाही!

आमच्याकडे ट्रंकेत एक न नेसलेली पैठणी आहे. तिची कीव येते. या रायफलीची मात्र येत नाही. माणूस मारायला जन्मलेली वस्तू, आणि (कारखान्यातली चाचणी सोडली तर) तिच्या हातून मुंगीदेखील मेली नाही. हे पुण्य कोणाच्या खाती जमा करायचं? रायफलीनं काही केलं नाही, मालकानं फक्त किंमत सांभाळली. मी म्हणतो, हेतू कसाही असो, जमा ती जमा. आमचे हेडकॅशियर विचारतात, "स्लिपवर सही कुणाची घेऊ?"