माझा ‘ळ’ असा नसतो

तर ती पाटी आता आमच्याही चौकात लागली. ‘शालेय प्रकल्प, तक्ते, भेटकार्डे तयार करून मिळतील.’ खाली बारीक अक्षरांत, ‘नाव घालून मिळेल.’ दिवाळीत याच दुकानाबाहेर तयार किल्ले मांडले होते. बुरूज रंगवलेले, हिरवळही रंगाचीच, म्हणजे हळीव पेरून चार दिवस वाट बघायलाही नको. तेव्हा मी चरफडले आणि गप्प बसले. या आठवड्यात गप्प बसवत नाही.

भोगीच्या संध्याकाळी मी तिथे पाकिटं आणायला गेले होते. हलव्याचे चार दाणे कागदाच्या पुडीत बांधून बाहेरगावी धाडायची माझी सवय अजून सुटलेली नाही. पोस्टाचा शिक्का नेमका त्या पुडीवर बसतो आणि समोरच्याला निम्मा हलवा नि निम्मा चुरा मिळतो, तरी मी धाडते. दुकानात एक बाबा उभे होते, शेजारी त्यांचा चौथीतला मुलगा, अजून गणवेशातच. शाळेनं सांगितलं होतं, आजी-आजोबांसाठी संक्रांतीचं भेटकार्ड स्वतःच्या हातानं करून आणा. बाबांनी ऐंशी रुपयांचं एक कार्ड निवडलं. फोमशीटचं सुगड, त्यावर चमकीचा पतंग. चमकीबद्दल माझं मत या स्तंभाचे वाचक जाणतात. ती एकदा घरात आली की आमटीच्या वाटीपर्यंत पोचते आणि होळीपर्यंत केसांतून निघत नाही.

आतला मजकूर लिहायला दुकानातल्या मुलीनं पेन उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं. मी विचारलं, “डावखुरी आहेस का गं?”

“नाही काकू. डाव्या हातानं लिहिलं की लहान मुलाचं वाटतं. मॅडमना शंका येत नाही.”

तिनं लिहिलं, ‘प्रिय आजीस, तिळगूळ घ्या, गोड बोला.’ अक्षर चांगलंच वाकडं आलं. मुलगा टाचा उंचावून बघत होता. तो म्हणाला, “ताई, माझा ळ असा नसतो.”

बाबा म्हणाले, “चालतंय रे. चल लवकर, वेळ नाही आपल्याला.”

या ‘वेळ नाही’चा मला संताप येतो. म्हणून आज त्याचाच हिशोब मांडते.

पहिली गोष्ट, शाळेनं वेळ मागितला होता तो मुलाचा. नाही म्हणाले ते बाबा. चौथीतल्या मुलाकडे वेळ नसतो? खिडकीच्या गजावरून मुंगी कुठे जाते ते बघण्यात ज्याची अख्खी दुपार जाते, त्याच्याकडे? आणि खरोखरच नसेल, तर तो नेला कुणी? सोमवार-बुधवार अबॅकस, मंगळवार-गुरुवार बुद्धिबळ, शनिवारी स्केटिंग, हे वेळापत्रक मुलानं नाही केलं. ज्यांनी केलं, त्यांनीच ‘वेळ नाही’ म्हणायचं, याला मी सबब मानायला तयार नाही.

दुसरी गोष्ट, दुकानाला लागलेला वेळ. चौकात गाडी लावायला जागा नसते. ती शोधायची, गर्दीत उभं राहायचं, चाळीस कार्डांतून एक निवडायचं, दुसऱ्या हातानं लिहून घ्यायचं, चमकी वाळेपर्यंत थांबायचं. मी आत शिरले तेव्हा ते तिथे होते आणि पाकिटं घेऊन, शेजारच्या किराणा दुकानातून पांढरे तीळ घेऊन परतले तेव्हाही तिथेच होते. वेळ होता. तो मुलाबरोबर टेबलाशी बसून घालवायचा नव्हता, एवढंच.

घरी आल्यावर मी घड्याळ समोर ठेवून बसले. कार्डशीटचा पाव तुकडा घेतला. मधोमध पट्टी ठेवून शाई संपलेल्या रिफिलनं एक दाबून रेघ ओढली आणि तिच्यावर घडी घालून नखानं दाबली. जाड कागद नुसता दुमडला की घडीवर तडकतो, रिफिलची रेघ आधी ओढली की घडी सुरीसारखी पडते. लाल घोटीव कागदाचा पतंग कापला, शेपटीला शिवणाच्या पेटीतला दोरा लावला. दोन चमचे मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळला, खळ तयार झाली. आमच्या घरी तिच्यात चिमूटभर मोरचूद घालत, कसर लागू नये म्हणून. मी घातलं नाही. मोरचूद विषारी असतं, ते मुलांच्या हाताशी नको. आत दोन ओळी लिहिल्या. खळीसकट पस्तीस मिनिटं. मुलाला तास लागेल. तो तास त्याच्या आयुष्यातला वाया गेलेला तास नसेल, हे मी लिहून देते.

आणि वेळ नसण्याचीच गोष्ट निघाली तर १८४३ सालच्या लंडनमधल्या हेन्री कोलचं नाव घ्यायला हवं. हा माणूस सरकारी दप्तरखान्यात नोकरी करत होता आणि एका पेनीत कुठंही पत्र जावं या टपाल सुधारणेसाठी झटला होता. ती सुधारणा १८४० मध्ये आली आणि पत्रांचा पूर लोटला. नाताळात आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर धाडणं हा तिथला शिष्टाचार, आणि कोलला ते खरोखर शक्य नव्हतं. त्यानं जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं, शिळाछापावर छापलं, रंगाऱ्याकडून हातानं रंगवून घेतलं. वर घेणाऱ्याच्या नावाला जागा, खाली देणाऱ्याच्या. उरलेली कार्डं एका शिलिंगला एक अशी विकली. विक्रीला आलेलं पहिलं नाताळ कार्ड ते हेच. पुढं १८५१ चं लंडनचं भव्य औद्योगिक प्रदर्शन उभं करण्यात याच कोलचा मोठा वाटा होता. म्हणजे ‘वेळ नाही’ म्हणण्याचा अधिकार कुणाला असेल तर त्याला.

पण त्यानं ते चित्र आपण काढलंय असं सांगितलं नाही. छापील कार्ड छापील म्हणूनच धाडलं, आणि ज्यानं चित्र काढलं त्याचं नाव आजही आपल्याला ठाऊक आहे. माझा विकतच्या कार्डाशी काहीच तंटा नाही. विकत घ्या, चांगलं निवडून घ्या, खाली सही करा, पाठवा. घेणाऱ्याची तुम्हाला आठवण झाली एवढं त्यातून कळतं आणि तेवढं पुरतं. तंटा आहे तो दुसऱ्याच्या हातावर आपल्या मुलाचं नाव घालण्याशी. दुसऱ्यानं केलेल्या कामाखाली आपली सही ठोकली तर कचेरीत तिला काय म्हणतात, हे त्या बाबांना माहीत असणार. तेच काम आपण मुलाला नवव्या वर्षी शिकवतोय, तेही आजीच्या नावानं. आजी ते कार्ड देवघराशेजारी लावेल, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवेल, “आमच्या बाळानं केलंय हो!” आणि बाळ शेजारी उभा असेल. त्या वेळी त्यानं काय म्हणायचं, हे बाबांनी त्याला सांगितलेलं नाही.

त्या मुलानं सगळ्यात खरी गोष्ट सांगितली होती. माझा ळ असा नसतो. ळ हे मुलांना हातघाईवर आणणारं अक्षर. दोन गाठी सारख्या येत नाहीत, एक फुगते, एक चिमटते. प्रत्येकाचा ळ वेगळा. आजीला नातवाचा ळ ओळखता येतो. दुकानातल्या मुलीच्या डाव्या हाताला तो कसा यावा?

युनिसेफच्या भेटकार्डांची सुरुवात कशी झाली हे शाळांनी मुलांना जरूर सांगावं. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातल्या एका खेड्यात युनिसेफची मदत पोचली. यित्का साम्कोव्हा नावाच्या सात वर्षांच्या मुलीनं आभार मानायला चित्र काढलं, खांबाभोवती फेर धरून नाचणाऱ्या मुलांचं. गावात कागद नव्हता, म्हणून तिनं ते काचेवर रंगवलं. १९४९ मध्ये त्याचं कार्ड झालं, आणि तेच युनिसेफचं पहिलं भेटकार्ड. आमच्या चौकात कागदाचे रंगच चाळीस मिळतात.

बरं, हे ज्या महाराष्ट्रात चाललंय तिथे हाताच्या कामाची थोरवी नव्यानं सांगायची गरज पडू नये. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला जी शिक्षण परिषद भरली, तिथे गांधीजींनी हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी आणून ठेवला. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांच्या बालवाडीत महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, पानं, शिंपले, खडे हाताशी घेतले. पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी करून दाखवली. त्यांचा जुना, आवडता खेळ म्हणजे आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन, घर उभं करायचं. चौकोन बोटानं दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही. पुलांच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात हे मुलाला त्या एका दाबात कळतं. तयार प्रकल्प विकत आणलेल्या मुलाला ते कळणार नाही, कारण त्यानं दाबून पाहिलेलंच नाही. पुण्यातच शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे, चिंध्यांच्या लगद्यातून कागद उचलणारी. ‘हातकागद’, किती सरळ शब्द! मला तो ‘हँडमेड’ शब्द सोसत नाही. साच्यात कापलेल्या, यंत्रानं चिकटवलेल्या वस्तूच्या पाकिटावर तो हल्ली सर्रास छापलेला असतो.

बाकीच्या सबबीही मला लोक ऐकवतात. त्याला जमत नाही, सगळेच असं करतात, शाळाच फार मागते. पहिली खोटी आहे. दुसरीला उत्तर द्यायची गरज नाही. तिसरीत मात्र तथ्य आहे आणि त्यात माझाही दोष आहे, तो सांगते.

काही वर्षांपूर्वी एका शाळेनं मला भेटकार्ड स्पर्धेची परीक्षक म्हणून बोलावलं होतं. टेबलावर साठेक कार्डं होती. मी पहिलं बक्षीस दिलं ते तीन पदरी उघडणाऱ्या, काठाला लेस लावलेल्या कार्डाला. चमकी होती तरीही दिलं. बक्षीस घ्यायला आलेल्या मुलीला मी माइकवर विचारलं, “हा मधला पदर कसा उभा केलास गं?” ती आईकडे बघायला लागली. सभागृहात आई सापडेना तशी तिचा चेहरा पडला. मी घाईनं टाळ्या वाजवायला सांगितल्या. त्या ढिगात एक कार्ड होतं, ते मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. ‘शुभेच्छा’ लिहिताना पानाची जागा संपली होती आणि ‘च्छा’ कडेला उभा, अंग चोरून, खालच्या बाजूला उतरला होता. पेन्सिलच्या रेघा खोडलेल्या नव्हत्या. कार्ड उलटून पाहिलं तर मागं त्याच पतंगाचे तीन फसलेले प्रयत्न होते. मी ते बाजूला ठेवलं. ज्याला द्यायला हवं होतं त्याला मी दिलं नाही, आणि त्या साठ मुलांना त्या दिवशी कळलं की बक्षीस कशाला मिळतं. पालक दुकानात का जातात, तर आमच्यासारखे परीक्षक असतात म्हणूनही जातात.

तेव्हापासून मी कुठलंही कार्ड आधी उलटून बघते. खरी मेहनत पाठीवर असते.

याचा अर्थ आईनं कात्रीला हात लावू नये असा नाही. जाड पुठ्ठा लहान मुलाला कापवत नाही, तो कापून द्यावा. बाबांनी मडक्याचा काठ गोल काढून दिला तर आभाळ कोसळत नाही. आजी शेजारी बसून ‘इथं हिरवा लाव’ म्हणते, तेही मला चालतं. आमच्या घरातल्या आकाशकंदिलाच्या कामट्या वडील बांधत आणि करंज्या आम्ही चिकटवत असू, तरी तो कंदील आमचाच होता. हद्द नेमकी कुठं आखायची हे ज्याच्या त्याच्या घरानं ठरवावं. मात्र पेन दुसऱ्या हातात घेऊन मुलाचं अक्षर कुणी काढलं, की ती हद्द ओलांडली.

दुकानातल्या त्या मुलीला मी दोष देत नाही. तिचा हात उत्तम आहे. तिनं केलेल्या कार्डाखाली तिचं नाव असावं आणि ते तिच्या नावानं विकलं जावं, एवढं तरी त्या दुकानदारानं करावं. पाटीवरची ‘नाव घालून मिळेल’ ही ओळ त्यानं पुसावी, असं मी त्याला तोंडावर सांगून आले आहे.

शाळांना विनंती की, भेटकार्डाची स्पर्धाच नको. शेवटच्या दोन तासिका द्या, कागद-कात्री शाळेतच ठेवा, मुलांना वर्गात बसून करू द्या. जसं होईल तसं घरी जाऊ द्या.

आणि आजी-आजोबांनो, तुमच्याकडे या आठवड्यात असं चकचकीत कार्ड आलं असेल तर नातवंडाला रागवू नका, त्याचा त्यात काही अपराध नाही. त्याला जवळ बसवा, कार्ड उलटं करा, पाठीची कोरी बाजू पुढं ठेवा, पेन्सिल हातात द्या आणि म्हणा, “मला तुझा ळ काढून दाखव.” मग त्याच्याबरोबर दुसरं कार्ड करायला घ्या. संक्रांत होऊन गेली म्हणून अडू नका. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देतात. वेळ आहे.