आवाज गेला म्हणजे बिघाड गेला का?

वणीत ‘ब्लोअर’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते द्राक्षबागेत ट्रॅक्टरमागे लावलेलं फवारणीचं यंत्र. मी बोलतोय तो ब्लोअर मात्र कारच्या डॅशबोर्डमागे बसतो आणि एसीची हवा तोंडावर आणतो. माझ्या मावसभावाला त्याची जुनी, दोन दारांची स्पोर्ट्स कार विकायची होती. तिचा ब्लोअर लावला की रातकिडा ओरडावा तसा आवाज यायचा, आणि वेग वाढवला की तोही चढायचा. रविवारी सुरगाण्याहून गिऱ्हाईक येणार होतं.

“दादा, दोन थेंब तेल सोड ना. पंधरा दिवस शांत राहील. तोवर गाडी गेलेली असेल.”

मागणं एवढंच होतं. पण विकणाऱ्याने किती सांगायचं, हा फार जुना प्रश्न त्यात दडलेला आहे.

आधी बिघाड समजून घेऊ. ब्लोअरची मोटर साधी असते. एक शाफ्ट, त्यावर पिंजऱ्यासारखा गोल पंखा आणि शाफ्टला आधार देणारं, तेल मुरवलेलं ब्रॉन्झचं बुश. कधी आत वाळकं पान अडकलेलं असतं, ते काढलं की काम संपतं. या गाडीत तसं नव्हतं. बुश कोरडं पडून झिजलं होतं. अशा बुशला वरून पातळ तेल दिलं की आवाज थांबतो, पण झीज भरून येत नाही. तेल उडून जातं, उरलेल्यावर धूळ बसते. मोटर जड फिरायला लागली की करंट जास्त ओढते आणि रेझिस्टर तापतो. गाडी किती जुनी आहे यावर हे अवलंबून असतं, त्यात कंपनीला दोष देण्यासारखं काही नाही.

ब्लोअर बंद पडला तर काय होईल, फार तर गरम होईल, असं वाटेल. पण सापुताऱ्याचा घाट पावसाळ्यात चढून बघा. काचा बंद, आत दोन माणसांचा श्वास, आणि समोरची काच आतून पांढरी होते. ती साफ ठेवतो तो हाच ब्लोअर. सुरगाण्याच्या माणसालाही तो रस्ता लागू शकतो.

कायदा काय म्हणतो? १८७२ च्या भारतीय करार कायद्यात, कलम १७ खाली, घोड्याचं एक उदाहरण आहे. घोड्यात खोट आहे हे विकणाऱ्याला माहीत आहे, तो लिलावात काहीच बोलत नाही. ही फसवणूक नाही, असं कायदा सांगतो. घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल तर मात्र सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि घेणारा म्हणाला, “तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा चांगला आहे असं मी धरून चालेन,” तर तिथे गप्प बसणं हे बोलण्यासारखंच.

हे वाचून मावसभाऊ खूश झाला. “बघ, गप्प बसलं तर चालतं!”

पण त्याच कलमात माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं ही फसवणूक मानली आहे. आवाज करणारा ब्लोअर तसाच ठेवून गप्प बसणं वेगळं, कारण गिऱ्हाईक बटण फिरवून स्वतः ऐकू शकतो. विक्रीपुरतं तेल सोडणं म्हणजे त्याच्या कानालाच खोटं सांगणं.

हा वाद कायद्याहूनही जुना आहे. रोमन लेखक सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ साली कर्तव्यांवर लिहिलेल्या पुस्तकात एक व्यापारी आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलाय आणि हा धान्याचं जहाज घेऊन पोचतो. मागून आणखी जहाजं येताहेत, हे त्याला ठाऊक आहे. सांगितलं तर भाव पडेल. डायोजिनिस आणि त्याचा शिष्य अँटिपेटर या दोन स्टोइक तत्त्वज्ञांची मतं सिसेरो समोरासमोर ठेवतो. गुरू म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. शिष्य म्हणतो, सगळं सांगायलाच हवं. सिसेरो शिष्याच्या बाजूने उभा राहतो. ज्याला कळणं त्याच्या हिताचं आहे, त्याला आपल्या फायद्यासाठी अंधारात ठेवणं, हेच त्याच्या मते लपवणं.

मावसभावाचं उत्तर तयार होतं. सगळेच असं करतात, घेणाराही ते धरूनच भाव पाडतो. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण आपल्याकडे कांद्याच्या लिलावात काय होतं आठवा. ट्रॉलीत वर दिसणारा माल पाहून बोली लागते. खळ्यावर ट्रॉली रिकामी होताना खाली गोल्टी निघाली की वाद पेटतो. मग दुसऱ्या दिवशी चांगला माल आणणाऱ्याकडेही व्यापारी संशयानेच बघतो. एकाने झाकलेल्या मालाचे पैसे असे दुसऱ्याच्या खिशातून जातात. ‘सगळेच करतात’ हे कारण मला म्हणूनच पटत नाही. त्याची किंमत न करणाऱ्यालाही पडते.

आम्ही ग्लोव्ह बॉक्स उतरवून मोटर काढली. शेतीपंपाच्या मोटरी रिवाइंड करणाऱ्याकडून नवं बुश बसवून घेतलं. आवाज गेला. तरीही गिऱ्हाइकाला सांगितलं, की बुश मूळचं नाही, इथेच बदललंय. त्याने त्यावरून थोडी घासाघीस केली आणि किंमत कमी करून घेतली. मावसभाऊ दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होता. पैसे त्याचे गेले होते, माझे नव्हते. प्रामाणिकपणाचा खर्च दुसऱ्याच्या खिशातून करणं सोपं असतं, हा त्याचा टोमणा मला अजूनही बोचतो, कारण तो खरा आहे.

तरी माझं मत बदललेलं नाही. तेलाने आणि नव्या बुशने आलेली शांतता रविवारी कानाला सारखीच लागली असती. दोन्हींतला फरक ओळखायचा एक साधा उपाय आहे: हे शांत का झालं, ते घेणाऱ्याला सांगता येईल का? बुश बदललं हे त्याच्यासमोर म्हणता येतं. “तुम्ही येणार म्हणून तेल सोडलं” हे म्हणता येत नाही. जे म्हणता येत नाही, ते आधीच करू नये.