समुद्रावर लिहिलेला वऱ्हाडचा पाऊस

वऱ्हाडातील कोरडवाहू शेतीचे भवितव्य काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर अवलंबून असते, आणि ती ओल आणणारा नैर्ऋत्य मोसमी वारा जमिनीवर नव्हे तर अरबी समुद्रावर व त्याही पलीकडे विषुववृत्ताच्या दक्षिणेस आकार घेतो. त्यामुळे किनाऱ्यापासून सुमारे चारशे किलोमीटर आत वसलेल्या खामगावच्या पावसाचा इतिहास मांडायचा झाल्यास केवळ पर्जन्यमापकातील नोंदी पुरत नाहीत, तर ज्या पाण्यावरून तो वारा आला त्या पाण्यावर त्या दिवशी हवेचा दाब किती होता आणि वारा कोणत्या दिशेने व किती जोराने वाहत होता, हेही ठाऊक असावे लागते. एकोणिसाव्या शतकात समुद्रावर नजर ठेवणारे उपग्रह नव्हते. होती ती जहाजे आणि प्रत्येक जहाजावरील रोजनिशी, जिला नाविकांच्या भाषेत लॉगबुक म्हणतात. लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारून तिच्या टोकाचा लाकडी तुकडा पाण्यात सोडायचा, ठरावीक वेळात किती गाठी हातातून सरकल्या ते मोजायचे आणि तो वेग वहीत उतरवायचा, या जुन्या रीतीवरून वहीलाही ओंडक्याचेच नाव पडले.

या वहीत दर पहाऱ्याला, म्हणजे साधारणतः चार तासांनी, आणि पुष्कळदा दर तासाला वाऱ्याची दिशा, त्याचा जोर, वायुभारमापकातील पाऱ्याची उंची, हवेचे व समुद्राच्या पाण्याचे तापमान आणि आकाशाची स्थिती लिहिली जाई. वाऱ्याचा जोर शून्य ते बारा या अंकांत सांगणारी बोफर्ट श्रेणी ब्रिटिश आरमारात रूढ झाल्यावर या वर्णनाला नेमकेपणा आला, आणि १८५३ मध्ये अमेरिकन नौदल अधिकारी मॅथ्यू फाँटेन मॉरी याच्या पुढाकाराने ब्रुसेल्स येथे भरलेल्या परिषदेने निरनिराळ्या राष्ट्रांच्या जहाजांनी सारख्याच पद्धतीने नोंदी कराव्यात असा पायंडा पाडला. यातील कोणतीही नोंद हवामानबदलाच्या अभ्यासासाठी झालेली नव्हती. पारा उतरू लागला की वादळाची चाहूल लागते, आणि जहाज बुडाले वा माल भिजला तर विम्याच्या दाव्यात हीच वही पुरावा ठरते, एवढ्या रोकड्या कारणांसाठी अधिकारी ती नियमाने लिहीत असत. आज तिच्यावर विश्वास ठेवता येतो तो बहुधा याच रोकडेपणामुळे, कारण लिहिणाऱ्याचा जीव आणि नोकरी दोन्ही त्या आकड्यांवर अवलंबून होती.

खामगावचा या वह्यांशी असलेला संबंध केवळ वाऱ्याचा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला. आणि १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे तेरा किलोमीटरचा लोहमार्ग होऊन व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. येथे दाबलेल्या कापसाच्या गाठी मुंबईच्या गोदीतून ज्या आगबोटींवर चढल्या, त्यांच्याच वह्यांत त्या वर्षांच्या अरबी समुद्राचे हवामान उतरले. कापूस व्यापाऱ्यांच्या खतावण्यांत मोजला गेला आणि वारा जहाजांच्या वह्यांत. दोन्ही हिशेब एकाच व्यवहाराचे होते, मात्र ते एकमेकांशेजारी ठेवून वाचण्याची गरज तेव्हा कोणालाच वाटली नाही.

या व्यवहारानेच नोंदींचा नकाशाही आखला. शिडाची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून वाऱ्याच्या कलाने दूरवर भटकत असत, म्हणून त्यांच्या वह्यांत दक्षिण हिंदी महासागराचे मोठे पट्टे सापडतात. कालव्यानंतर मुंबई व एडन यांच्यामधील ठरलेल्या वाटेवर आगबोटींची दाटी झाली आणि दक्षिणेकडील पाणी तुलनेने मुके झाले. कोकणातील गलबते व फत्तेमाऱ्या आगोट लागली की किनाऱ्याला ओढल्या जात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद राही, तेव्हा ऐन पावसाळ्यातील दर्याची लेखी साक्ष देतात त्या मुख्यतः आगबोटीच. त्यांवर कोकणातले खलाशी पुष्कळ असत. पाण्याची बादली ओढणारा हात अनेकदा त्यांचा आणि आकडा लिहिणारा हात गोऱ्या अधिकाऱ्याचा, एवढा भेद त्या पानांवरून दिसत नसला तरी वाचणाऱ्याने तो विसरू नये.

ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या १७८९ ते १८३४ या काळातील सुमारे नऊशे वह्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत व त्यांतून २ लाख ७३ हजार हवामान-नोंदी अभ्यासकांच्या हाती आल्या. परंतु वह्यांचे डोंगर पाहता हे काम पगारी माणसांच्या आवाक्यातले नव्हते, आणि वळणदार, पाण्याने फिकटलेले हस्ताक्षर वाचण्यात यंत्रे चुकत होती. २०१० च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या ‘ओल्ड वेदर’ या उपक्रमाने पहिल्या महायुद्धकाळातील ब्रिटिश युद्धनौकांच्या वह्यांची छायाचित्रे सर्वसामान्य वाचकांपुढे ठेवली, आणि हजारो स्वयंसेवकांनी त्यांतून सुमारे सोळा लाख नोंदी उतरवल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन पॅसिफिक ताफ्याच्या सुमारे २८ हजार पानांतून अशाच रीतीने ६ लाख ३० हजारांवर नोंदी मिळाल्या. पारा किती होता एवढ्याने काय साधते, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ‘पुनर्विश्लेषण’ नावाची गणनापद्धती पृष्ठभागावरील दाबाच्या विखुरलेल्या नोंदी आणि वातावरणाचे भौतिक नियम यांच्या आधारे त्या दिवसाचे संपूर्ण वातावरण संगणकात पुन्हा उभे करते. अमेरिकेत तयार झालेले असे एक पुनर्विश्लेषण १८३६ पर्यंत मागे जाते. म्हणजे विक्रम संवत १९५६ वरून ‘छप्पन्नचा’ म्हणून लोकांच्या तोंडी राहिलेल्या १८९९–१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडावरचा वारा कसा होता, याचे उत्तर काही अंशी अरबी समुद्रातील एखाद्या जहाजावरच्या पाऱ्यावर टेकलेले आहे.

अर्थात आकडा उतरवला म्हणजे तो लगेच वापरता येतो असे नाही. समुद्राच्या पाण्याचे तापमान मोजण्यासाठी ज्या बादल्या सोडल्या जात त्यांपैकी पुष्कळ कॅनव्हासच्या असत, आणि त्यांचे काय होते हे विदर्भात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही: उन्हाळ्यात बैलगाडीला किंवा जीपला टांगलेल्या छागलीतले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने, म्हणजे कापडातून झिरपलेल्या पाण्याचे बाष्पीभवन होताना उष्णता खेचली गेल्याने, डेकवर आणलेल्या त्या बादलीतील पाणी मूळ समुद्रापेक्षा थंड भरे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जहाजांनी इंजिन थंड ठेवण्यासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान लिहिण्याकडे कल वाढला, आणि ते इंजिनखान्याच्या उबेने किंचित चढे असे. मोजण्याची रीत बदलल्यामुळे समुद्रच तापल्याचा किंवा निवल्याचा भास होतो, आणि तो वजा केल्यावाचून खरी तापमानवाढ किती हे ठरवता येत नाही. या दुरुस्त्यांकडे बोट दाखवून सगळे शास्त्रच बनावट म्हणणारे लोक आहेत. त्यांनी छागलीत हात बुडवून पाहणे बरे.

मराठी वाचकाला या सर्व खटाटोपात एक ओळखीची गोष्ट दिसेल. जुने हस्ताक्षर लावणे हा महाराष्ट्रातील एक प्रतिष्ठेचा उद्योग आहे: वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मोडी कागद प्रसिद्ध केले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. परंतु ‘निवडक’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. इतिहासकार लढाई, तह, वारसा यांसाठी कागद चाळतो आणि त्या दृष्टीने निरुपयोगी वाटलेला कागद बाजूला ठेवतो. रोजनिशीचा नकलकार मात्र निवड करीत नाही, आणि त्याच्या लेखी वादळाच्या दिवसाइतकेच मोल काहीही न घडलेल्या निवांत दिवसाला असते. पत्रांतून पाऊस येतो तो बहुधा ओढ दिली, मोहीम अडली किंवा नदी फुगली तेव्हाच. जॉर्ज अ‍ॅडमसन आणि डेव्हिड नॅश यांनी प्रामुख्याने इंग्रजी पत्रे, दैनंदिन्या व वृत्तपत्रे वाचून पश्चिम भारतातील १७८१ ते १८६० या काळाच्या पावसाची श्रेणी बांधली, तेव्हा त्यांना या अडचणीतूनच वाट काढावी लागली. मोडी दफ्तरे केवळ पावसासाठी, पानामागून पान, निवड न करता कोणी वाचली तर या श्रेणीत देशी साक्षीची भर पडेल; मोडी लावता येणारी माणसे अजून आहेत, आणि प्रश्न त्यांना निवांत दिवस वाचण्याची गोडी लागेल का, एवढाच आहे.

खामगावच्याच बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घटातल्या धान्यावरून येणाऱ्या हंगामाचे भाकीत सांगितले जाते. ते ऐकायला दूरदूरचे शेतकरी जमतात. मागल्या दिवसांचा दाब वाचायला अशी गर्दी कधी जमणार नाही, कारण त्यात कोणाच्याही पेरणीचा निर्णय नाही.

जहाजांच्या वह्यांच्या नकलेत एक शिस्त आहे व ती वाटते त्याहून कठीण आहे. ‘ओल्ड वेदर’च्या अनुभवानुसार दर हजार नोंदींमागे सुमारे तीन नोंदी उतरवताना बिघडतात, दहा वाचताच येत नाहीत आणि निदान तीन मूळ वहीतच चुकलेल्या असतात, विशेषतः रेखांशाची पूर्व आणि पश्चिम यांची अदलाबदल झाल्याने. म्हणजे लेखनिकाच्या चुका आणि नकलकारांच्या चुका जवळजवळ बरोबरीच्या आहेत. आणि नकलकाराने मूळची चूक दुरुस्त करायची नसते. समजा, इराणच्या आखाताकडून मुंबईस येणाऱ्या एखाद्या जहाजाच्या दमलेल्या अधिकाऱ्याने २० अंश ४२ मिनिटे उत्तर हा अक्षांश नीट लिहिला, पण रेखांशाच्या ६७ अंशांचे आकडे उलटे पडून ७६ अंश ३४ मिनिटे पूर्व असे झाले, तर ते जहाज नकाशावर थेट खामगावात, कपाशीच्या शेतांत येऊन उभे राहील. जमिनीवर चढलेली जहाजे शोधून बाजूला काढणारी चाचणी पुढच्या टप्प्यावर असते. तोवर वहीत ७६ आहे म्हणून नकलकार ७६ च लिहितो, आणि पान उलटतो.