बिननावाच्या वस्तू

माणसाला कसला छंद असावा याला काही नियम नाही. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी, तर कोणी दिवाळी अंकच जमवून घरातल्या माणसांना बसायला जागा ठेवीत नाही. माझा छंद सांगितला की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी कुतूहल आणि मग थोडी कीव उमटते. मी खिशात मावणारे जुने कॅसेट प्लेअर जमवतो; आणि तेही नामांकित कंपन्यांचे नव्हेत. ज्यांच्या पाठीवर नावच नाही, किंवा असलेच तर एखाद्या थोर जपानी नावातले एक अक्षर बदलून बेतलेले आहे, असे. मुंबईत एके काळी मुसाफिरखान्यात आणि मनीष मार्केटात असला माल भरपूर मिळे. आता तो मला वांद्र्यात भंगारवाल्याकडे मिळतो, तोही पितळेच्या नळांच्या आणि पंख्यांच्या पात्यांच्या खाली दडपलेला.

“असल्या नकला कशाला जमवता?” हा प्रश्न मला घरीही विचारतात आणि शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीतही. शाळेतल्या प्रश्नाला जरा धार असते. परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलाची मी गय करीत नाही, हे तिथे सर्वांना ठाऊक आहे. वर्गात नकलेला शिक्षा आणि घरी नकलेला काचेचे कपाट, हा कुठला न्याय?

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. तत्त्वज्ञानाचे मोठे ग्रंथ मला पेलत नाहीत. पण हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही, म्हणून मी माझ्या परीने त्याचा विचार करीत आलो आहे.

दरवर्षी सप्टेंबरात आमच्या वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा भरते. तिथे मेणाचे हात, पाय, मेणाची छोटी घरे विकायला असतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो, ज्याला घर हवे तो मेणाचे घर वाहतो. आणि वाहणाऱ्यांत सर्व धर्मांची माणसे असतात. ते घर म्हणजे घराची नक्कलच. पण त्याला लबाडी कोण म्हणेल? म्हणजे दोष सारखेपणात नाही. कॉपी करणाऱ्या मुलाचा दोष त्याचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तरासारखे आहे हा नसतो; त्याखाली तो स्वतःचे नाव घालतो, हा असतो.

मग माझ्या कपाटातल्या यंत्रांनी कोणाला फसवले? घेणाऱ्याला नक्कीच नाही. किंमत ऐकताक्षणीच हा माल कसला, हे त्याला कळलेले असे. पण ते एक बदललेले अक्षर? ते कोणासाठी होते? मला वाटते, ते लोकलच्या डब्यात समोर बसणाऱ्या माणसासाठी होते. कानाला नारिंगी स्पंज लावलेला पोरगा यंत्र असे धरी की नेमक्या त्या अक्षरावर त्याचा अंगठा यावा! या फसवणुकीत करणारा आणि विकत घेणारा दोघे भागीदार होते. ही लबाडीच, हे मी मान्य करतो. पण चार मित्रांत बसायला जिथे नावाचे तिकीट लागते, तिथे बिनतिकिटाने चढणाऱ्या पोरावर फार रागावणे मला जमत नाही.

आणि जे अस्सल म्हणून मिरवते त्याची तरी वंशावळ काय? सोनी कंपनीने १ जुलै १९७९ रोजी जपानात पहिला वॉकमन विक्रीला आणला. किंमत ३३,००० येन. तो त्यांनी स्वतःच्याच एका लहान टेपरेकॉर्डरमधून ध्वनिमुद्रणाची सोय काढून टाकून बनवला होता. पण चालता चालता कानात संगीत ऐकण्याच्या यंत्राचे पेटंट आंद्रेआस पावेल नावाच्या गृहस्थाने १९७७ मध्येच इटलीत मागितले होते. त्याचे आणि कंपनीचे भांडण अनेक वर्षे चालले आणि २००३ मध्ये तडजोडीने मिटले. त्याआधी २००२ मध्ये ऑस्ट्रियातील सर्वोच्च न्यायालयाने ‘वॉकमन’ हा शब्द सर्वांचाच झाला असल्याचा निर्वाळा दिला होता. आमच्या गल्लीने तो निकाल कितीतरी आधी दिला होता. इथे चिनी डबडेही वॉकमनच होते.

त्याहून मौज खुद्द कॅसेटची. ती फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली आणि पुढे इतरांना ती फुकट बनवू दिली. अट एवढीच, की माप बदलायचे नाही. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या चालीने फीत सरकली पाहिजे, मग यंत्र कोणाचेही असो. नकलेला आधीच परवानगी देऊन टाकल्यामुळे ती कॅसेट जगभर पोहोचली.

माझ्या यंत्रांना ही चाल नीट साधत नाही, हेही सांगितले पाहिजे. आतले चक्र हलके असल्यामुळे सूर किंचित हेलकावतो. पुष्कळांना फीत मागे नेण्याचे बटणच नाही. कॅसेट उलटी घालायची, पुढे पळवायची आणि पुन्हा सुलटी करायची. किंवा सेल वाचवायचे तर षटकोनी पेन्सिल घालून हाताने गरगर फिरवायची. हा काटकसरीचा व्यायाम माझ्या पिढीच्या मनगटांत अजून आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीतल्या एक आजी माझ्याकडे आल्या. त्यांचे यजमान कुवेतला कामाला होते. आजींना वाचता येत नसे, म्हणून ते पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवीत. आता ते नाहीत. अकरा कॅसेटी आहेत आणि घरातले यंत्र बंद पडलेले.

“मास्तर, तुमच्याकडे आहे म्हणतात. पण चांगल्या कंपनीचं द्या हो. फीत खाल्ली तर दुसरी कुठून आणू?”

माझा इतका वेळचा युक्तिवाद या एका वाक्याने लंगडा झाला. नाव म्हणजे नुसता तोरा नव्हे. नाव म्हणजे बिघडले तर कोणाला विचारायचे त्याचा पत्ता. बिननावाचा कारागीर कितीही गरीब आणि गुणी असला, तरी तो कोणाला उत्तर देत नाही. वर्गातही मी उत्तरपत्रिकेवर नाव घालायला लावतो ते याचसाठी.

नामांकित म्हणावे असे एकच यंत्र माझ्याजवळ होते. त्यातले एक दातेरी चाक तडकलेले, आणि तसे चाक आता मिळत नाही. बिननावाची यंत्रे मात्र बहुतेक एकाच सांगाड्याची. एकाचा भाग दुसऱ्याला बसतो. आजही बाजारात येणारे नवे कॅसेट प्लेअर बहुतेक तानाशिन या जपानी कंपनीच्या जुन्या यंत्रणेच्या नकलेवरच चालतात. तेव्हा एक काळे, अक्षरहीन यंत्र मी निवडले. जुना रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता, तो खरवडून नवा घातला. आठ दिवस एका नकोशा कॅसेटवर ते चालवून पाहिले आणि मगच आजींकडे नेले.

“कंपनी कुठली?” त्यांनी विचारले.

“कंपनी नाही, आजी. बिघडलं तर मला सांगायचं.”

त्यांनी यंत्र उलटसुलट करून पाहिले. मग माझ्याच खिशातले पेन काढून घेतले, त्यांच्या नातवाला हाक मारली, आणि यंत्राच्या पाठीवर कागद चिकटवून त्याच्याकडून माझे नाव आणि खोलीचा नंबर लिहून घेतला. तेव्हापासून तो पोरगा दोनदा पट्टा मागायला आला आहे. मी आता चार पट्टे जास्तीचे आणून ठेवले आहेत.