विश्वासू यंत्र

‘विश्वासू’ हें विशेषण आपण किती निरनिराळ्या वस्तूंना लावतों, हें एकदां मोजून पाहण्यासारखें आहे. घरांतला जुना नोकर विश्वासू, दाराशीं बसणारा कुत्रा विश्वासू, वडिलांच्या वेळचें घड्याळ विश्वासू, आणि अलीकडे पाण्याचा पंपही विश्वासू! नोकराला मन आहे. कुत्र्यालाही तें थोडेंबहुत असावें असें मानण्यास हरकत नाहीं. पण घड्याळाला किंवा पंपाला तें नाहीं. ज्याला मन नाहीं त्याला वचन देतां येत नाहीं, आणि ज्याला वचन देतां येत नाहीं त्याला तें मोडतांही येत नाहीं. मग अशा वस्तूवर आपण विश्वास ठेवतों म्हणजे नेमकें काय करतों? हा प्रश्न वरवर केवळ शाब्दिक वाटेल, आणि आम्हांसही तो प्रथम तसाच वाटे. परंतु एका पत्रामुळें त्याचा निराळा विचार करणें आम्हांस भाग पडलें.

आमचा एक जुना विद्यार्थी बरींच वर्षें अमेरिकेंत ओहायो राज्यांत राहतो. कारखान्यांतली नोकरी सुटल्यावर लोकांच्या घरचे गालिचे धुऊन देण्याचा धंदा करण्याचें त्यानें ठरविलें. या धंद्याचें मोठें यंत्र मोटारीवर बसविलेलें असतें. गांठीची शिल्लक बेताची, म्हणून नवें यंत्र घेणें शक्य नव्हतें. वापरलेलीं दोन यंत्रें त्यानें पाहून ठेविलीं. पहिल्याचा मालक म्हणाला, “सात वर्षांत या यंत्रानें एकदांही कुरकुर केली नाहीं.” दुसऱ्याच्या मालकानें कांहीं न बोलतां एक मळकी वही पुढें केली. कितव्या तासाला तेल बदललें, पंपाच्या चकत्या केव्हां झिजल्या, याची तींत नोंद होती. आणि एका जानेवारींत रात्रीं पाणी काढून न टाकल्यामुळें तें नळ्यांत गोठलें व पाणी तापविणारा भाग फुटला, हेंही लिहिलेलें होतें. पुढें ‘चूक माझी’ असे दोन शब्द होते. विद्यार्थी लिहितो: “सर, दोन्हीं यंत्रें चालवून पाहिलीं, दोन्हीं सारखींच चाललीं. किंमतही जवळजवळ एकच आहे. यंत्राविषयीं मी इथें कोणालाही विचारूं शकतों. विश्वासाविषयीं तुम्हांला विचारतों. कोणतें घेऊं?”

ज्यांनीं असें यंत्र पाहिलें नाहीं त्यांच्याकरितां दोन शब्द सांगणें अवश्य आहे. आपल्याकडे सतरंजी अंगणांत दोरीवर टाकून काठीनें झोडपली कीं काम भागतें. अमेरिकेंतील पुष्कळ घरांत गालिचा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जमिनीला जखडलेला असतो. तो उचलून बाहेर नेतां येत नाहीं, म्हणून धुणाऱ्यासच घरांत यावें लागतें. मोटार दाराशीं उभी राहते. तिच्या पोटांतलें एंजिन एका बाजूनें पाण्याचा पंप चालवितें व दुसऱ्या बाजूनें हवा ओढणारा ब्लोअर. पुष्कळ यंत्रांत एंजिनाच्याच उष्णतेवर पाणी तापवितात. लांब नळीनें तें कढत पाणी गालिच्यावर जोरानें फवारलें जातें, आणि त्याच क्षणीं दुसरी नळी मळासकट तें परत ओढून घाण पाण्याच्या टाकींत सोडते. अशा यंत्राचें वय मैलांनीं नव्हे, तर चाललेल्या तासांनीं मोजतात.

याचें कूळ जुनें आहे. १९०१ सालीं ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज एंजिनियरानें लंडनमध्यें धूळ फुंकून उडविणारें एक यंत्र पाहिलें. उडालेली धूळ पुन्हां खालींच बसणार. मग ती ओढून कां घेऊं नये, असें त्याच्या मनांत आलें. एका उपाहारगृहांत खुर्चीच्या गादीवर हातरुमाल ठेवून त्यानें तोंडानेंच हवा ओढून पाहिली. त्याला ठसका लागला, पण रुमालावर उमटलेला धुळीचा डाग पाहून त्याची खात्री पटली. त्याच सालीं त्यानें पेटंट घेतलें. त्याचें यंत्र घोड्यांच्या गाडीवर असे. तें रस्त्यांत उभें राही आणि नळ्या खिडक्यांतून घरांत जात. १९०२ सालीं सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वीं वेस्टमिन्स्टर ॲबीमधील गालिचा याच यंत्रानें साफ झाला. बूथच्या या यंत्राला काचेचा भाग जोडलेला असे, त्यामुळें निघणारी धूळ घरच्या मंडळींस डोळ्यांनीं दिसे.

या काचेपाशीं आम्ही थोडे थांबूं इच्छितों. ती काच यंत्राच्या कामासाठीं आवश्यक नव्हती. धूळ पत्र्याच्या नळींतूनही तितकीच गेली असती. ती होती पाहणाऱ्याकरितां. गालिचा धुण्यापूर्वींही बरा दिसतो आणि धुतल्यावरही बरा दिसतो. मळ असतो तो तळाशीं. सुताराचा पाट डगमगला तर गिऱ्हाइकास तो कळतो. शिंप्याचा सदरा आंखूड झाला तर तोही कळतो. पण गालिचा धुणाऱ्यानें काय केलें व काय केलें नाहीं, हें घरमालकिणीस बहुधा कधींच कळत नाहीं. जेथें पाहतां येत नाहीं तेथेंच विश्वासाचा प्रश्न उत्पन्न होतो. जें डोळ्यांनीं दिसतें त्यावर कोणी विश्वास ‘ठेवीत’ नाहीं.

आतां पहिल्या मालकाचें म्हणणें घेऊं. सात वर्षें जें घडलें नाहीं तें आठव्या वर्षीं घडणार नाहीं, असें कोणत्याही तर्कशास्त्रानें सिद्ध होत नाहीं; भूतकाळावरून भविष्याकडे जाणारी आपली उडी संवयीच्या बळावर असते, तर्काच्या नव्हे, हें डेव्हिड ह्यूमनें १७४८ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें आहे. तरीही व्यवहारांत ही उडी घेतल्यावांचून कोणाचें चालत नाहीं, आणि ह्यूमचेंही चालत नव्हतें. म्हणून आमचा आक्षेप तो नाहीं. ‘यंत्रानें कुरकुर केली नाहीं’ या वाक्याचे अर्थ दोन होतात: यंत्रांत बिघाड झाला नाहीं हा एक, आणि झालेला बिघाड कोणी ऐकला नाहीं हा दुसरा. ब्लोअरचेंच उदाहरण घ्या. १८६० सालीं इंडियानामधील कॉनर्सव्हिलच्या रूट्स बंधूंनीं ज्या तत्त्वाचें पेटंट घेतलें, त्याच तत्त्वावर यांतील बहुतेक ब्लोअर चालतात. त्यांत दोन लोखंडी फिरकी एकमेकींस न शिवतां, पण अगदीं लगत फिरतात. दिवसभर ओलसर हवा ओढल्यावर काम संपतांना त्यांवर थोडें तेल उडवावें लागतें; नाहींतर आंत गंज चढूं लागतो. तो बाहेरून दिसत नाहीं, आवाजही लगेच बदलत नाहीं. यंत्र उत्तम चालत असतें, आणि एके दिवशीं फिरकी जखडते. ज्यानें कधीं झांकण काढून पाहिलें नाहीं त्याला ‘सात वर्षें कांहीं झालें नाहीं’ असें अगदीं प्रामाणिकपणें म्हणतां येईल.

आपल्या न्यायदर्शनांत शब्द हें एक प्रमाण मानलें आहे. परंतु कोणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. आप्त कोण, याचा वात्स्यायनाच्या भाष्यांतला आशय असा: ज्याला त्या वस्तूचें साक्षात् ज्ञान आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. हें लक्षण ऋषि, आर्य व म्लेच्छ या सर्वांस सारखेंच लागू आहे, असेंही भाष्यकार म्हणतो. ओहायोंतल्या यंत्रविक्यासही तें लावण्यास मग कोणती अडचण? पहिला मालक कदाचित् खोटें बोलत नसेल. पण त्याला यंत्राचें ज्ञान होतें असें दिसत नाहीं. दुसऱ्याला ज्ञान होतें, आणि जें सांगितल्यानें त्याचें नुकसान व्हावें तेंही त्यानें सांगितलें. आप्ताची याहून चांगली परीक्षा आम्हांस ठाऊक नाहीं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. प्रामाणिक माणसाचें फुटकें भांडें हें फुटकेंच असतें. वहींत खरें लिहिल्यानें नळी सांधली जात नाहीं. विकत घेणाऱ्यास यंत्र घ्यावयाचें आहे, मालकाचें शील नव्हे. हें आम्ही मान्य करितों. म्हणून जें तपासतां येतें तें आधीं तपासलेंच पाहिजे: यंत्र पांच मिनिटें नव्हे, तर पाणी पूर्ण तापवून तासभर चालवावें, ज्याचा या सौद्यांत लाभ नाहीं अशा कारागिराकडून ब्लोअर उघडून घ्यावा, सुटे भाग व दुरुस्ती किती मैलांवर मिळते हें विचारावें. डोळ्यांचें काम विश्वासावर टाकणें हा आळस आहे, श्रद्धा नव्हे. परंतु हें सारें केल्यावरही कांहीं भाग अज्ञात उरतोच, आणि त्या उरलेल्या भागापुरताच आप्ताचा शब्द उपयोगी पडतो.

येथपर्यंत विचार केला तो घेणाऱ्याच्या हिताचा. पण या व्यवहारांत एक तिसरी व्यक्ति आहे, जी सौद्याच्या वेळीं हजर नसते. ती म्हणजे ज्या बाईच्या घरीं हें यंत्र उद्यां जाणार ती. यंत्र सकाळीं सुरूच झालें नाहीं, तर धंदेवाल्याचा एक दिवस बुडतो; बाईचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु यंत्र चालू राहिलें आणि पाणी ओढण्याची त्याची शक्ति मात्र मंदावली, तर गालिचा तळापर्यंत भिजून राहतो व पुढें त्याला बुरशी धरते. लोंकरीचा गालिचा असला आणि पाण्याची उष्णता आवरली गेली नाहीं किंवा क्षार अधिक पडला, तर लोंकर खराब होते. एंजिनाचा धूर दारांतून आंत जाऊं लागला, तर त्यांतला विषारी वायू वासावरून ओळखतांही येत नाहीं. आणि भरलेली टाकी रस्त्याकडेच्या पावसाच्या गटारांत रिकामी केली, तर तेथील पुष्कळ गांवांत ती घाण शुद्ध न होतां थेट ओढ्यानदींत जाते. यांपैकीं एकाही प्रसंगीं यंत्र ‘बंद’ पडलेलें नसतें! रूढ अर्थानें तें पूर्ण विश्वासू असतें.

यावरून आमच्या मते एक भेद स्पष्ट होतो. बिघाड दोन जातींचे आहेत: थांबविणारे आणि फसविणारे. पहिल्यानें मालकाचें नुकसान होतें, दुसऱ्यानें विश्वास ठेवणाऱ्याचें. आपण बाजारांत ‘विश्वासू’ म्हणून जें मागतों तें पहिल्या बिघाडापासून मुक्त असलेलें. नीतीच्या दृष्टीनें मागावयास पाहिजे तें दुसऱ्यापासून मुक्त असलेलें. चांगल्या यंत्राच्या घाण टाकींत एक तरंगता खटका बसविलेला असतो. टाकी भरत आली कीं तो वर उचलला जातो आणि ओढण्याचें काम बंद पाडतो, म्हणजे घाण पाणी ब्लोअरमध्यें शिरत नाहीं. हातांतलें काम अर्धवट राहिल्याबद्दल कित्येक उतावळे कारागीर या खटक्यावर चिडतात, आणि कोणी तो बांधूनही ठेवतो. आम्हांस मात्र यंत्रांतील सर्वांत विश्वासू भाग तोच वाटतो. ‘आतां माझ्यानें नीट होणार नाहीं’ असें वेळेवर सांगणें, हेंच तर आपण माणसांतही विश्वासाचें लक्षण मानतों. कधींच न चुकणारा नोकर कोणाला मिळाला आहे? फुटलेली बशी फडताळामागें न लपवितां पुढें आणून ठेवणारा मिळाला म्हणजे आपण स्वतःस भाग्यवान समजतों.

तेव्हां यंत्रावर विश्वास ठेवणें म्हणजे लोखंडावर विश्वास ठेवणें नव्हे. त्या लोखंडाच्या मागें घडविणारा, वापरणारा, दुरुस्त करणारा व विकणारा अशी माणसांची एक सांखळी असते. यंत्र त्या सर्वांचें वचन पुढें वाहून नेतें, किंवा त्यांची लपवाछपवी. मन यंत्राला नाहीं हें खरें. पण मनें त्यांत गुंतलेलीं असतात.

आम्हीं विद्यार्थ्यास वरील अर्थाचें उत्तर लिहिलें, आणि तपासणींत दोन्हीं यंत्रें सारखीं ठरलीं तर वहीचें घे, असें सुचविलें. त्यानें तसें केलें. पहिल्याच हिवाळ्यांत तें यंत्र दोनदां बंद पडलें, हें सांगणें आमचें कर्तव्य आहे. दुसरें घेतलें असतें तर काय झालें असतें, हें कोणासच सांगतां येणार नाहीं. म्हणून आमचा सल्ला फळला कीं फसला, याचा निर्णय या दोन प्रसंगांवरून करतां येत नाहीं. पण त्यानें ती वही पुढें चालू ठेविली आहे. तींत एक नोंद अशी आहे कीं, एका वृद्ध बाईचा लोंकरी गालिचा आपल्या हातून फार भिजला; ती कांहींच बोलली नव्हती, तरी आपण होऊन दुसऱ्या दिवशीं जाऊन पंखे लावून तो वाळविला व पैसे घेतले नाहींत. ती नोंद इंग्रजींत नसून मराठींत आहे. त्यानें ती आम्हांस कळविली, याचा आम्हांस आनंद झाला. तथापि ती त्यानें मराठींत कां लिहिली, हा प्रश्नही मनांत आल्यावांचून राहिला नाहीं. कधींतरी तोही हें यंत्र विकील. त्या वेळीं तो ही वही घेणाऱ्याच्या हातीं देईल काय, आणि दिलीच तर तें पान त्याला वाचून दाखवील काय, असें आम्हीं त्यास विचारलें आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. तें लौकर यावें असा आमचा आग्रहही नाहीं; कारण त्याच्या जागीं आम्ही असतों तर काय उत्तर दिलें असतें, हें आम्हांसही आधीं स्वतःशीं ठरवावयाचें आहे.