सर्व्हरचा मुकादम

दिवाळीच्या आगेमागे धारूर, वडवणी, केज, शिरूर कासारच्या वाड्या-तांड्यांवरून कोयते ऊसतोडीला निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. माणसं अवजारावर मोजायची ही रीत बीड जिल्ह्यात इतकी जुनी झाली आहे की कानाला खटकतही नाही. आगाऊ उचल मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली असते. कारखान्याचा करार मुकादमाशी, नाहीतर वाहतूकदाराशी. कोयत्याशी कुणाचाच नाही. फडात काही बरंवाईट झालं की कारखाना म्हणतो, ही आमची माणसं नव्हेत. मुकादम म्हणतो, काम तर कारखान्याचंच होतं.

३१ जुलै २०२४, बुधवार. त्या दिवशी देशातल्या सुमारे तीनशे लहान बँकांचं जे झालं, ते याच चालीचं होतं. या सहकारी आणि ग्रामीण बँका. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीला किरकोळ देवघेवीच्या जाळ्यातून बाजूला काढलं आणि तिच्या भरवशावर असलेल्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय, एटीएमचे व्यवहार अडले. टाटा कन्सल्टन्सी आणि स्टेट बँक यांची ही भागीदारीतली कंपनी. ज्यांना स्वतःची यंत्रणा परवडत नाही, अशा बँकांचं कोअर बँकिंग ती चालवून देते. तिच्यावर खंडणीसाठी सायबर हल्ला झाला होता. क्लाउडसेक या बंगळूरच्या संस्थेने माग काढला, तेव्हा पाऊलखुणा आणखी एका दारापाशी गेल्या: ब्राँटू टेक्नॉलॉजी सोल्युशन्स, सी-एजसाठी काम करणारी दुसरी कंपनी. तिथला जेन्किन्सचा सर्व्हर नीट बंदोबस्तात नव्हता, असं त्या अहवालाचं म्हणणं.

जेन्किन्स हा यंत्रांचा मुकादम. प्रोग्रॅमरने लिहिलेला कोड उचलायचा, तपासायचा, ज्या त्या सर्व्हरवर नेऊन चढवायचा, रात्री-अपरात्री, न कंटाळता. त्याच्या बोधचिन्हात बो बांधलेला इंग्रजी बटलर आहे. चित्र खरं आहे, पण अर्धंच. वेष चाकराचा असला तरी कमरेला साऱ्या वाड्याच्या किल्ल्या असतात, कारण प्रत्येक सर्व्हरवर काम चढवायचं तर प्रत्येकाचा पासवर्ड त्याच्याजवळ हवा.

या बटलरला एक खोड होती. आज्ञा देताना ईमेलच्या पत्त्यात असतं ते ॲटचं चिन्ह टाकून पुढे एखाद्या फाइलचा पत्ता लिहिला, की तो त्या जागी फाइलमधला मजकूर आणून ठेवायचा. मुळात ही सोय होती. पण ती ओळख न पटवलेल्या परक्यालाही मिळायची. पूर्ण फाइल नव्हे, पहिल्या काही ओळी. दाराशी आलेल्या अनोळखी माणसाने म्हणावं, ‘जरा आतल्या कपाटातली चिठ्ठी वाच बरं’, आणि गड्याने दोन ओळी वाचून दाखवाव्यात, तसं. दोन ओळींनी काय होतंय, असं वाटेल. पण किल्ली एका ओळीतही मावते. हल्लेखोर याच वाटेने शिरले, असं त्या अहवालाचं म्हणणं. या दोषाला गांभीर्याच्या मापावर १० पैकी ९.८ गुण पडले.

दुरुस्त केलेली आवृत्ती २४ जानेवारी २०२४ लाच बाहेर आली होती. फुकट. बँकांचा खोळंबा झाला जुलैच्या शेवटच्या दिवशी. मधले सहा महिने मला त्या चिन्हापेक्षा जास्त महत्त्वाचे वाटतात.

ती दुरुस्ती बसवायची कुणी? तालुक्याच्या गावातल्या बँकेच्या व्यवस्थापकाने जेन्किन्सचं नावही ऐकलेलं नसतं, आणि त्याने ते ऐकावं अशी अपेक्षाही नाही. तो म्हणणार, सेवा आम्ही विकत घेतो. सेवा देणारी कंपनी म्हणणार, तो सर्व्हर आमचा नव्हे. आणि ज्यांचा सर्व्हर, त्यांचा खातेदाराशी कसलाच करार नाही. प्रत्येकाचं म्हणणं कागदावर बरोबर, आणि खातेदार मात्र कोयत्यासारखा कुणाच्याच कागदावर नाही.

रिझर्व्ह बँकेला हे कळत नाही असं नाही. संगणकसेवा बाहेरून घेतली तरी जबाबदारी बाहेर जात नाही, असं सांगणारे तिचे निर्देश एप्रिल २०२३ मध्ये आले, १ ऑक्टोबरपासून लागू झाले. पण पहिल्या दोन स्तरांतल्या नागरी सहकारी बँका, म्हणजे लहान बँका, त्यातून वगळल्या. त्यांना तो भार झेपणार नाही, ही त्यामागची दया समजण्यासारखी आहे. तरी परिणाम असा झाला, की जी बँक दुसऱ्याच्या खांद्यावर सर्वांत जास्त रेलते, तिच्याकडेच सर्वांत कमी विचारणा.

पेमेंट्स कॉर्पोरेशनने जोडणी तोडली ती योग्यच केली. दुसऱ्या दिवशी ती पूर्ववत झालीही. या सगळ्या बँका मिळून देशाच्या देवघेवीतला वाटा जेमतेम अर्धा टक्का, असा दिलासाही तेव्हा देण्यात आला. दिल्ली-मुंबईहून पाहिलं तर तो खरा आहे. बीडमध्ये मात्र ज्ञानराधा मल्टिस्टेट या पतसंस्थेच्या बंद शाखांपुढे ठेवीदारांनी घालवलेले दिवस अजून ताजे आहेत. ते प्रकरण वेगळं, त्यात संगणकाचा काही दोष नव्हता. पण ज्याचे हात एकदा पोळलेत तो मोबाईलवर ‘व्यवहार अयशस्वी’ वाचून सर्व्हरचा विचार करत नाही. तो सकाळी पासबुक घेऊन शाखेत येतो. आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या मध्यावर ‘लाडकी बहीण’ योजनेचे पहिले हप्ते खात्यांत पडायचे होते. पंधरा दिवसांनी हे घडतं तर रांगा कुठवर गेल्या असत्या!

एकच यंत्रणा अनेकांनी मिळून वापरण्याला माझा विरोध नाही. सहकार म्हणजे तरी दुसरं काय? प्रत्येक लहान बँकेने आपापला सर्व्हर पाळला, तर तीनशे ठिकाणी तीनशे दारं उघडी राहतील. आणि मोठी बँक म्हणजे सुरक्षित, असंही नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपये गेले, त्यांतले बहुतेक एटीएमची यंत्रणाच फोडून. माझं म्हणणं साखळीतली नावं उघड करण्याबद्दल आहे. आपली बँक कुणाच्या भरवशावर, तो कुणाच्या, दुरुस्ती आली की ती किती दिवसांत बसवायची आणि न बसवल्यास भुर्दंड कुणाला, एवढं करारात हवं आणि सभासदांना वाचायला मिळायला हवं.

सप्टेंबर संपायच्या आत सहकारी बँकांच्या वार्षिक सभा होतात. गुळगुळीत कागदावरचा अहवाल घरपोच येतो: संचालकांचे फोटो, लाभांशाचा टक्का, दिवंगतांना श्रद्धांजली, लेखापरीक्षकांची फी रुपयांत. माझ्याकडच्या अहवालात मी यंदा संगणकाचा उल्लेख शोधला. घसाऱ्याच्या तक्त्यात होता, फर्निचरच्या खालच्या ओळीत.