'नाम' या दोन अक्षरांविषयी



दिंडीत अक्षर चुकले म्हणून एखाद्या म्हातारीला दटावणारे शहाणे आपल्यांत असतात. 'नाम नीट घेता येत नाही, तर घेता कशाला?' हा त्यांचा सवाल. आम्ही म्हणतो, आधी या 'नाम' शब्दाचीच कूळकथा ऐका, मग दटावा.

आपले नाम संस्कृत 'नामन्'चे. फारशीत तेच 'नाम', लॅटिनात 'नोमेन', ग्रीकांत 'ओनोमा'. ही सारी एका कुळातली भावंडे. कोणी कोणाकडून उसने घेतलेले नाही. मात्र करारनाम्यातला 'नामा' म्हणजे फारशी लेख, पत्र. आपल्या नामदेवरायांचा 'नामा' तो नव्हे, बरे का!

कुळाबाहेर गेले की ध्वनी तोच आणि अर्थ भलताच. तमिळ माणूस 'नाम्' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ 'आपण', ऐकणाऱ्यालाही धरून. त्याला वगळायचे तर 'नांगळ्'. मराठीतही आम्ही आणि आपण हा भेद आहेच. त्याच तमिळांत 'नामम्' म्हणजे नाव, आणि वैष्णवांच्या कपाळावरचे उभे गंधही. व्हिएतनामी 'नाम' म्हणजे दक्षिण दिशा. देशाच्या नावात तोच आहे.

जपानची गोष्ट मात्र थांबून ऐकण्याजोगी. तेथे होनेन (११३३–१२१२) या साधूने अमिताभ बुद्धाचे नाम घेणे हाच अडाण्यालाही साधेल असा मार्ग सांगितला. जप असा: 'नामु अमिदा बुत्सु.' कानाला वाटते, पहिला शब्द आपले नामच! तसे नाही. तो आपला 'नमो'. धातू नम्, म्हणजे वाकणे. नाम आणि नमन यांची मुळे निराळी. कीर्तनात कोणी कोणी दोन्ही एक करून टाकतात, ते व्याकरणाला धरून नाही. हा 'नमो' संस्कृतातून चिनी अक्षरांत गेला, तेथून जपानी जिभेवर. वाटेत अमिताभाचा अमिदा झाला, बुद्धाचा बुत्सु. आपल्या शास्त्रीबुवांनी ऐकले तर शब्द न् शब्द अशुद्ध. आठशे वर्षे तेथली साधी माणसे हेच म्हणत आली आहेत, मरणाच्या अंथरुणावरसुद्धा. त्या सर्वांचे नाम वाया गेले काय? आम्हांला तरी तसे म्हणवत नाही.

आता म्हातारीकडे या. ती 'इठ्ठल' म्हणते, दटावणारा 'विठ्ठल' म्हणतो. पण 'विठ्ठल' तरी कोठून आला, यावर पंडितांचे अजून एकमत नाही. कोणी त्याला विष्णूचे कानडी रूप म्हणतात, कोणी विटेशी जोडतात. मग शुद्ध कोणते, हे तिला सांगणार कोण?